बेबा पळवायचा रविवार

शनिवार, ५ जुलै
प्रेशर: मोजलं, पण लिहीत नाही. डॉक्टर घाबरेल.

सगळ्यात आधी टपकली ती शेजारची एव्हान्थिया. पाहुणे अजून विमानतळावरून निघालेही नसतील, आणि ही समोरच्या दारातून पातेलं घेऊन हजर. "तुझं पातेलं परत करायला आले." पातेलं ईस्टरपासून तिच्याकडे पडलंय, आठवण आजच झाली. बसली ती उठेना. मी म्हटलं, "एव्हान्थिया, तुझ्या गॅसवर काही नाही का गं?" तर म्हणते, "गॅस बंद करूनच आले." म्हणजे तयारीनेच आली होती.

ही वही डॉक्टरने प्रेशर लिहायला दिली. रोज दोन आकडे. एवढं मोठं पान आणि दोन आकडे, बाकी कोरं सोडायचं म्हणजे पावाची कड खाऊन मऊ भाग फेकल्यासारखं. मी चार यत्ता शिकले, त्यातली एक ऑलिव्ह वेचण्यात गेली, पण लिहिता येतं. वाचणाऱ्याने आपलं आपण बघावं.

तर पाहुणे. माझा मुलगा स्ताथिस, जर्मनीत असतो. सून आन्त्ये, तिकडचीच. इतकी उंच की माझ्या दारातून वाकून आत येते, लोकांना वाटतं फार नम्र आहे. थोरली लेने, सात वर्षांची. आणि धाकटी, आठ महिन्यांची, जी आज पहिल्यांदा माझ्या हातात आली. थू थू थू, माझीच दृष्ट लागायची. मांड्यांना अशा वळ्या की पावडर लावायची तर बोटाने उकलाव्या लागतात.

नाव नाही तिला. म्हणजे तिकडच्या कागदावर 'ईडा' लिहिलंय, आन्त्येच्या आईचं नाव. पण कागदाचं काय, कागदावर माझं वयसुद्धा चुकीचं आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडवून अंगाला तेल लागेपर्यंत पोर म्हणजे नुसती बेबा. आणि रीत काय सांगते? पहिली मुलगी बापाच्या आईच्या नावाची, दुसरी आईच्या आईच्या. ही काही मी काढलेली रीत नाही. पण पहिलीच्या वेळी त्यांनी ठेवलं 'लेने'. कुणाचं नाव? कुणाचंच नाही. "आम्हाला आवडलं, आई." दोन अक्षरं. हाक मारायला तोंड उघडावं तोवर नाव संपलेलं. बाप्तिस्माही केला नाही, मोठी होईल आणि ठरवेल म्हणे. मी फोनवर अभिनंदन म्हटलं आणि फोन ठेवला. की आधी ठेवला आणि मग म्हटलं, ते आता आठवत नाही.

आन्त्ये म्हणते आता ही शेवटची. म्हणजे माझीही शेवटची संधी. गारुफालिया हे माझं नाव, माझ्या आजीचं, तिच्या आजीचं, मागे कुठवर जातं ते देव जाणे. पुढे जायचं तर या बेबावरून जाईल, नाहीतर माझ्याबरोबर पेटीत जाईल.

स्ताथिस म्हणाला, "आई, या खेपेला अथेन्स नीट बघायला आलोय. लेनेला सगळं दाखवायचंय."

मी म्हटलं, "दाखवा की, पोटभर दाखवा. बेबाला कशाला उन्हात नेता? तिला ठेवा माझ्यापाशी."

इतक्या पटकन हो म्हणाले की मीच चमकले.

रविवार, ६ जुलै
प्रेशर: बरं.

आज अॅक्रोपोलिसला गेली तिघं. मी वर कधी गेले होते ते आठवतही नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून गच्चीतून बघते. वाळत घातलेली म्हाताऱ्याची विजार बाजूला सारली की देऊळ दिसायचं. आता विजारही नाही आणि म्हाताराही नाही, देऊळ मात्र दिवसभर दिसतं.

बेबा आणि मी दिवसभर राज्य केलं. तिची आई तिला अनवाणी ठेवते. ती दाराबाहेर पडली की मी मोजे घालते, जिन्यात पावलं वाजली की काढते. आन्त्ये बाळाच्या पावलावरच्या मोज्याच्या खुणा बघते, मग माझ्याकडे बघते, मग हसते. म्हणते, "आई, जुलै आहे." मी म्हणते, "जुलै आहे, पण फरशी आहे."

दुपारी परत आली. अॅक्रोपोलिसवरून उतरलेला माणूस कसा दिसतो हे मला माहीत आहे, उकडलेल्या खेकड्यासारखा. ही तिघं गारेगार. बुटांना धूळ नाही. आणि अंगाला धुपाचा वास! मी विचारलं, "वर धूप कोण जाळतं रे?" स्ताथिस म्हणाला, "हल्ली जाळतात, आई. पाहुण्यांसाठी." म्हणजे बघा, जुने देवही आता धंद्याला लागले.

मंगळवार, ८ जुलै
प्रेशर: एव्हान्थियाने मोजलं, तिच्या आकड्यावर माझा विश्वास नाही.

आज तिघं संग्रहालय बघायला गेली आणि येताना कागदात गुंडाळलेली एक लांबलचक वस्तू घेऊन आली. पलंगाखाली सरकवली. मी विचारलं तर आन्त्ये म्हणाली, "छत्री." या उन्हाळ्यात! इथे पावसाचा थेंब पडायला ऑक्टोबर उजाडेल. पण तिकडची माणसं, त्यांना बिनछत्रीचं चैन पडत नसेल. स्ताथिसच्या खिशातून साखर लावलेले पांढरे बदामही सांडले. लग्नाबारशाला वाटतात तसले. नुसतेच आणून खातो, दात पडतील तेव्हा कळेल.

एव्हान्थियाला मी सगळं सांगून टाकलं. एरवी तिला काही सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवणं, पण एकटीने काही होईना. तिला म्हटलं, "हवेतला बाप्तिस्मा करते." आमच्यात बाळ अगदी जाण्याच्या बेताला असलं आणि पाद्रीबाबा जवळ नसले, तर घरचं माणूस त्याला तीनदा हवेत उचलून नाव देऊ शकतं. माझ्या आत्याने असं एक पोर वाचवलं होतं. ते पुढे शंभर किलोचं झालं.

एव्हान्थिया म्हणाली, "पण बेबा तर ठणठणीत आहे."

"देवाची कृपा."

"मग?"

"मग वाट बघायची. एखादी शिंक तर येईल."

ती उशीत तोंड घालून हसली. हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही.

बुधवार, ९ जुलै
प्रेशर: धावपळीत राहिलं.

बेबा शिंकली! दोनदा! तिला बाबागाडीत घालून तशीच चर्चमध्ये पाद्रीबाबा थिमिओसांकडे गेले. ते मेणबत्त्यांची टोकं खरवडत होते.

"बाबा, बाळ शिंकतंय. तिला हवेत उचलते, तुम्ही फक्त हो म्हणा."

त्यांनी बेबाकडे पाहिलं. बेबाने त्यांची दाढी धरली आणि अशी ओढली की बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गारुफालियाबाई, हे पोर तुम्हाआम्हाला पोचवून मग जाईल. शिंकेवर बाप्तिस्मा होत नाही."

"मग नीट करा. पाण्यात. पण गुपचूप."

"आईबापांना न विचारता?"

"आईबाप हिंडतायत दगड बघत. विचारायला घरी असतात कुठे?"

मला वाटलं आता ओरडणार. गेल्या वर्षी उपासात मटणाचा वास आला म्हणून भर रस्त्यात मला बोलले होते. पण आज दाढीत काहीतरी पुटपुटले, छताकडे पाहिलं, आणि म्हणाले, "रविवारी अकरा वाजता आणा. मागच्या दाराने. कुणाला बोलू नका."

बघा! मनातून तेही रीतीचेच. मी त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं तर हात थरथरत होता. वय झालं बिचाऱ्यांचं.

गुरुवार, १० जुलै
प्रेशर: उत्तम, डॉक्टरने बघावं.

आता त्यांना रविवारी लांब धाडायचं. जेवताना मी विषय काढला. भात भरलेले टोमॅटो केले होते, स्ताथिस ते खात असला की कशालाही हो म्हणतो. म्हटलं, "सूनियो नाही बघितलं तर काय अथेन्स बघितलं? समुद्रावर देऊळ, संध्याकाळचा सूर्य. रविवारी जा, उजाडताच निघा, रात्री या."

स्ताथिसने आन्त्येकडे पाहिलं. आन्त्येने ताटाकडे पाहिलं. लेने खोकू लागली.

"रविवारच बरा," स्ताथिस म्हणाला. "आई, तू नाही ना येत?"

"मला बोट लागते."

"सूनियोला गाडीने जातात."

"गाडीपण लागते."

आन्त्येने बाजारातून बूट आणलेत, पांढरेशुभ्र, चामड्याचे, लेनेच्या मापाचे. अशा बुटांनी हिला दगडधोंड्यांत हिंडवणार! तिकडची माणसं सगळं आखूनरेखून करतात म्हणे. कुठे करतात?

दुपारी बेबा झोपली होती. मी गच्चीत कार्नेशनना पाणी घालत होते. चीजच्या रिकाम्या डब्यांत लावलीत, लाल आहेत, वास लवंगेचा. माझं नाव त्यांचंच. लेने मागे येऊन उभी राहिली. ही पोर पावलांचा आवाज करत नाही, उंदराच्या कुळातली. मोडकंतोडकं का होईना, आमचं बोलते.

"आजी, तुझं नाव तुला कुणी दिलं?"

"माझ्या आजीने."

"तिला?"

"तिच्या आजीने."

"मग तुझ्यानंतर?"

मी म्हटलं, "माझ्यानंतर तू होतीस. पण तू लेने झालीस."

तिने एक फूल नाकाला लावलं. म्हणाली, "मला कुणी विचारलंच नव्हतं."

खरं होतं पोरीचं. मी काही बोलणार तेवढ्यात बेबा रडली आणि मी धावले. नंतर मागे लागली होती, बाप्तिस्म्याचं पाणी गार असतं की गरम, मोठ्या मुली त्या भांड्यात मावतात का, तेल केसांतून निघतं का. मुलांचं काय, काहीही विचारतात. म्हटलं, "जा बाई, बेबाचं दूध उतू जाईल."

शनिवार, १२ जुलै
प्रेशर: वाढलंय. कारण मला माहीत आहे.

सगळी तयारी बाजाराच्या चाकाच्या पिशवीत भरलीय. ऑलिव्ह तेलाची बाटली, नवा साबण, टॉवेल, पांढरी चादर. वरून कांद्याच्या पातीची जुडी.

पण जीव थाऱ्यावर नाही. म्हाताऱ्याच्या फोटोला विचारलं, "काय रे, ही चोरी होते का?" तो जिवंतपणीही उत्तर द्यायचा नाही. आन्त्ये संध्याकाळी माझ्याजवळ बसून कांदे सोलत होती. म्हणाली, "आई, मला चांगली रीत माहीत नाही. मी चुकते. तुम्ही सांगा." मी म्हटलं, "कांद्याची काय रीत, सोलायचा." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कांद्याचं असेल. माझ्याही होतं.

समजा, उद्या तिला कळलं आणि ती म्हणाली, परत येणार नाही. नाव मिळालं आणि पोरी गेल्या, तर ते नाव घेऊन मी करू काय? हाक तर मारायला हवी कुणाला.

एव्हान्थियाला म्हटलं, "राहू दे, मी जात नाही." तर ती एकदम घाबरली. "अगं, असं कसं! पाद्रीबाबांना शब्द दिलायस. पाणी तापवतील ते!" मला हाताला धरून दहादा वदवून घेतलं की मी जाईन. माझ्या नावाची तिला एवढी काळजी असेल असं वाटलं नव्हतं.

रविवार, १३ जुलै
प्रेशर: विचारू नका.

सकाळी तिघं सूनियोला म्हणून निघाली. छत्री घेऊन. मी गच्चीतून हात हलवला. मग बेबाला मोजे घातले, गाडीत ठेवलं, वर मच्छरदाणी ओढली, एका हातात गाडी आणि दुसऱ्या हातात बाजाराची पिशवी. मोठ्या रस्त्याने गेले तर दहा जणी विचारतील, रविवारी कुठला बाजार? म्हणून न्हाव्याच्या मागच्या गल्लीने गेले. तिथे पायऱ्या आहेत हे विसरले होते. एका पर्यटकाने गाडी उचलून दिली. त्याला वाटलं मी अॅक्रोपोलिसचा रस्ता शोधते, आणि त्याने मला, मला, नकाशा दाखवला.

चर्चच्या मागच्या दारात पांढऱ्या फिती बांधलेल्या. मनात म्हटलं, कुणाचं तरी लग्न दिसतंय, आता आपलं गुपचूप कसं व्हायचं. आत पाऊल टाकलं.

समोर स्ताथिस. कोट घालून. शेजारी आन्त्ये. पाद्रीबाबा सोनेरी झग्यात. एव्हान्थिया, तिच्या भाचीच्या लग्नातल्या निळ्या पोशाखात, हातात छत्री. कागद काढल्यावर कळलं, बाप्तिस्म्याची मेणबत्ती, पांढऱ्या रिबिनीची.

मी म्हटलं, "बेबाला जरा हवा खायला आणलं."

स्ताथिसने पिशवीत डोकावलं. "तेलाची बाटली घेऊन?"

"ऊन फार आहे."

"आणि साबण?"

मी कांद्याची पात वर ओढली. पाद्रीबाबा दाढीत हसत होते, बुधवारी हात कशाने थरथरत होता ते तेव्हा कळलं. म्हणाले, "अकराला पाच कमी. चोर असून वेळेवर आलात. आणा ते बाळ, ते तेवढंच यायचं राहिलं होतं."

म्हणजे यांचं सगळं आधीच ठरलेलं. अॅक्रोपोलिस नाही, संग्रहालय नाही, आठवडाभर हे याच गल्ल्यांतून फिरत होते, मेणबत्ती, बदाम, पाद्रीबाबा. आणि बेबाला कुणाकडे ठेवायचं ही चिंता मी मिटवली. मला सांगणार होते अगदी शेवटी, पण मी स्वतःच चोरी ठरवली म्हटल्यावर एव्हान्थियाने त्यांना सांगितलं, सांगू नका, बेबा ती आपल्या पायाने आणेल. एव्हान्थियाच्या पोटात आठवडाभर गोष्ट राहिली! या चर्चमधल्या संतांनी केला नसेल असा चमत्कार.

मग मी तिला पाहिलं. मोठ्या तांब्याच्या भांड्याजवळ लेने उभी होती. पांढरा झगा, अनवाणी, पांढरे बूट हातात. आणि बेबा माझ्याच कडेवर.

"आधी थोरली," पाद्रीबाबा म्हणाले.

लेने पाण्यात उतरली, गुडघाभर. धर्ममाता एव्हान्थिया. बाबांनी नाव विचारलं. एव्हान्थियाने सगळ्यांकडे पाहून घेतलं, बातमी सांगायच्या आधी घेते तसा दम घेतला, आणि म्हणाली, "गारुफालिया."

ऐकलं मी. पण ऐकू आलं म्हणजे पोचलं असं नाही. आमच्यात नाव उच्चारलं की चर्चमधली पोरं धावत आजीला सांगायला येतात, आणि आजी त्यांना नाणं देते. धावायला आज दुसरं पोर नव्हतं. तिसऱ्यांदा डोक्यावर पाणी पडल्याबरोबर लेने स्वतःच भांड्यातून उडी मारून निघाली, तेलाने माखलेली, निथळती, फरशीवर पाणी करत माझ्यापर्यंत आली. बाबा ओरडले, "अगं थांब, अजून संपलं नाही!"

"आजी," धापा टाकत म्हणाली, "तिचं नाव गारुफालिया ठेवलं." आणि हात पुढे केला.

माझंच नाव मलाच सांगायला आली, आणि वर बक्षीस मागते.

"तुला कुणी सांगितलं गं हे करायला?"

"कुणी नाही. या वेळी मला विचारलं. मी सांगितलं."

आठवडाभर मी बेबाच्या पावलांत मोजे घालत बसले, आणि ही माझ्या मागे फुलाचा वास घेत उभी होती.

पाकीट घरी राहिलं होतं. चोरीला निघालेलं माणूस पाकीट कशाला घेईल? मग उजव्या कानातलं काढलं, माझ्या आजीचं, लाल खड्याचं, आणि तिच्या तळहातावर ठेवलं. तिने माझ्या डाव्या कानाकडे पाहिलं. हिशेबी पोर, आईवर गेलीय.

"दुसरं?"

"दुसरं पुढच्या वेळी येशील तेव्हा."

मग बेबा. ती ईडा झाली. पाद्रीबाबांनी जाड पुस्तकात त्या नावाची एक जुनी संतीण शोधून ठेवली होती. दुसरी मुलगी आईच्या आईच्या नावाची, रीतच आहे. ईडाने पाण्यात लाथ मारून बाबांचा झगा कमरेपर्यंत भिजवला, आणि मोजे मीच काढले, सगळ्यांच्या देखत. आन्त्ये वाकली आणि माझ्या गालाला गाल लावला. तेल सगळं माझ्या काळ्या पोशाखाला लागलं. डाग मी धुणार नाही.

बुधवार, १६ जुलै
प्रेशर: आजच्या दिवशी मोजायचं नसतं.

काल शेवटी सगळे अॅक्रोपोलिसला जाऊन आले, मीसुद्धा. खरंच आहे वर, मोठं आहे. लेनेने विचारलं, आपलं घर कुठलं? मी म्हटलं, जिथे दोरीवर काळा पोशाख दिसतो ते. दिसला. दोघी उकडलेल्या खेकड्यासारख्या खाली आलो.

विमानतळावर आन्त्येने हाक मारली, "गारुफालिया, पिशवी उचल!" आणि मी वाकून पिशवी उचलली. सगळे हसले. लेनेही वाकलेली होती, आमची डोकी एकमेकींवर आपटली. इतकी वर्षं या नावाला फक्त मीच ओ देत आलेय. आता हाक मारणाऱ्याने नीट बघून मारावी.

पोर गेली एका कानात लाल खडा घालून. कानाला भोक नाही, स्ताथिसने चिकटपट्टीने लावून दिला.

९ एप्रिलला येतात. ईस्टरआधीचा पवित्र गुरुवार, अंडी लाल रंगवायचा दिवस. लेनेने स्वतः सांगितलंय, आणि दुसरं अजून माझ्या कानात आहे.